वाळलेल्या ऐनातलं पिल्लू

वाळलेलं झाड जंगलात उभं ठेवावं की तोडून न्यावं, या प्रश्नावर माझं आणि मामांचं आजवर एकमत झालेलं नाही. मामा नाकेदार, म्हणजे वनरक्षक होते. गोंदिया आणि भंडाऱ्याच्या जंगलातच त्यांची सगळी नोकरी झाली. मी ढोलीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवते. जंगल दोघांनाही जिवापाड प्रिय आहे, त्यामुळे हा वाद तोंडदेखला नाही. यंदाच्या उन्हाळ्यात त्याला निमित्त झालं ते सोनपाठी सुताराच्या एका पिल्लाचं. आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते, कारण जंगलाकाठच्या गावांपुढे हा प्रश्न दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर उभा राहतो आणि बहुतेक वेळा कुऱ्हाडीनंच सुटतो.

आधी पिल्लाबद्दल. ऐनाचं ते झाड जाळरेषेपासून, म्हणजे वणवा अडवायला साफ ठेवलेल्या पट्ट्यापासून, दहा-बारा पावलांवर आहे. शेंडा कधीच मोडलाय, साल ठिकठिकाणी सुटून लोंबतेय. माणसाच्या तिप्पट उंचीवर मूठ जाईल एवढं भोक आहे. एप्रिल संपत आला होता, दुपारची वेळ होती, जंगल अगदी गप्प होतं. तेवढ्यात भोकातून एक डोकं बाहेर आलं. तुरा लाल, पण मोठ्या नराचा असतो तसा झगझगीत नाही, धुरकट. गालावरचे काळे-पांढरे पट्टे अजून नीट उमटलेले नव्हते. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि भोकाच्या काठावर चोचीनं दोन टोले दिले. जोर काही नव्हता. लाकडाचा एक कपटा सुटला, गिरक्या घेत खाली आला, आणि तो जमिनीला टेकेपर्यंत पिल्लू त्याच्याकडे बघत राहिलं.

मग आई आली. थेट भोकाशी नाही. खोडाच्या मागच्या बाजूला खाली चिकटली आणि ताठ शेपटीचा टेकू घेत, खोडाभोवती फिरत फिरत वर चढली. तिची सावली भोकावर पडली मात्र, आतून घर्रर्र असा सलग आवाज सुरू झाला. आत आणखी भावंडं होती.

"चांगली धडधाकट पिल्लं आहेत," मामा म्हणाले. "आठवड्याभरात उडतील. म्हणजे हे झाड पावसाआधी निघायला हरकत नाही."

"निघायला म्हणजे?"

"गावाच्या वन समितीनं सरपणासाठी धरलंय ना ते. आणि असं तोंड करून बघू नकोस. पिल्लांसकट पाडा असं मी म्हणतोय का? पाखरं उडाली की घर रिकामं. रिकाम्या घराचं काय करायचंय?"

"मामा, त्या घराला या पिल्लांनंतरच खरी गिऱ्हाइकं येतात. सुतार सहसा दरवर्षी नवी ढोली कोरतो. जुनी सोडून देतो. त्या सोडलेल्या ढोलीत पोपट येतात, मैना येते, पिंगळा येतो, दयाळ येतो, नीलपंख येतो. यांच्यापैकी बहुतेकांना स्वतः लाकूड कोरता येत नाही. जंगलात बांधकाम करणारे दोनच, सुतार आणि तांबट-कुटुरगा. बाकी सगळे भाडेकरू."

"ते मला तू सांगू नकोस. पोपटाची पिल्लं काढणाऱ्या पोरांना पकडण्यात माझी निम्मी हयात गेली. पण मला सांग, सुताराला हाच ऐन कशाला पाहिजे? कोकणात तो माडावर घर करतो. गावातल्या चिंचेवर, आंब्यावर करतो. एक तांबूस सुतार तर झाडावर मुंग्यांनी बांधलेलं गोळ्यासारखं घरटं फोडून त्यातच अंडी घालतो, मुंग्या जिवंत असताना. असला हिकमती पक्षी एका झाडासाठी अडून बसणार आहे होय?"

मामांचं हे म्हणणं खरं आहे, आणि ते मी लगेच मान्य केलं. सोनपाठी सुतार देशभर दिसतो. शहरातल्या बागेतही राहतो. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढायची गरज नाही. पण मामांनी जात चुकीची निवडली होती.

"सोनपाठ्याचं भागेल," मी म्हटलं. "पण याच जंगलात पांढऱ्या मानेचा मोठा सुतार आहे. सह्याद्रीच्या दाट जंगलात पांढऱ्या पोटाचा काळा सुतार आहे, कावळ्याहून मोठा. ते गावच्या चिंचेवर येत नाहीत. त्यांना जाडजूड, आतून कुजायला लागलेलं खोड लागतं. आणि रानपिंगळ्याचं काय? 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. जगातून गेला असं सगळे धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. नंतर तोरणमाळ, मेळघाट, तानसा इथे दिसला. तो अंडी कुठे घालतो? झाडांच्या ढोल्यांत, त्यातही सुतारानं कोरून सोडलेल्या ढोल्यांत. म्हणजे सुताराची जुनी घरं पाडली की ज्याला शोधायला शंभराहून जास्त वर्षं लागली त्याचंच घर पडतं."

"रानपिंगळा इथे नाही."

"नीलपंख इथे आहे. पिंगळा इथे आहे."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विषय त्यांच्या बाजूनं उलगडला, आणि तिथे माझी बाजू खरोखर अवघड झाली.

"तू पाखरांची घरं मोजतेस, मी चुली मोजल्यात. गॅस आला, 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली, पुष्कळ घरांत शेगड्या पोचल्या. शेगडी एकदा मिळते, सिलिंडर दर वेळी फुकट भरून मिळत नाही. पावसाळ्यात मजुरी नसते तेव्हा बाई चुलीकडेच वळते. तिला सरपण लागणार. पडलेलं लाकूड घे म्हणशील, तर पडलेलं लाकूड जमिनीला टेकलं की वाळवी लागते, एका पावसात त्याचा भुगा होतो. उभं वाळलेलं लाकूड खणखणीत असतं. तू त्याला हात लावू नको म्हणालीस, तर ती धावड्याची हिरवी फांदी तोडेल. मी नोकरीत हेच तर सांभाळलं, की वाळलेलं घ्या आणि हिरव्याला हात लावू नका. माणसांनी ऐकलंही. आता तू म्हणतेस वाळलेलंही नको. मग माणसानं काय जाळायचं?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. पुस्तकात मेलेल्या झाडांची महती वाचणं सोपं असतं. डोक्यावर मोळी घेऊन चार किलोमीटर चालणाऱ्या बाईसमोर ती सांगणं सोपं नसतं. पण एक गोष्ट मला माहीत होती, ती मी सांगितली.

"सगळीच वाळलेली झाडं सारखी नसतात, मामा. मनगटाएवढी, मांडीएवढी वाळलेली लहान झाडं जंगलात पुष्कळ असतात. सावलीत दबून मेलेली. सरपणाला तीच सोयीची, फोडायचीही कटकट नाही. सुताराला त्यांचा उपयोग नाही; तीन पिल्लं मावायची तर आत पोकळी केवढी हवी. त्याला लागतं ते कवेत न मावणारं खोड. तसं झाड मरायला शंभर वर्षं वाढावं लागतं. या जंगलात तशी किती उरलीत, तुम्हीच सांगा."

"बोटावर मोजण्याइतकी."

"तीच आधी पडतात. कारण एका झाडात गाडीभर लाकूड निघतं."

मामांनी मान हलवली; होकाराची की नकाराची, कळलं नाही. मग त्यांनी आगीचा मुद्दा काढला. नाकेदाराच्या तोंडी तो यायचाच. उन्हाळ्यात त्यांच्या झोपा वणव्यानंच उडवलेल्या.

"आग लागली की पाचोळा जळून तासाभरात पुढे जातो. पण पोकळ वाळलेल्या खोडात ठिणगी शिरली की ते धुराड्यासारखं पेटतं. वरून ठिणग्या उडतात त्या थेट जाळरेषेच्या पलीकडे. आम्ही रात्रभर आग विझवून घरी यायचो आणि तिसऱ्या दिवशी असल्याच एका खोडातून पुन्हा भडका. हे झाड जाळरेषेला लागून आहे, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. पण आग लागते कुठून? मोहाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवतात तिथून. तेंदूला कोवळा पाला फुटावा म्हणून लावतात तिथून. ऐन कोणाला पेटवायला जात नाही."

"कोणी का लावेना, वाढवतो तो ऐन."

आगीच्या बाबतीत मामा बरोबर आहेत, असं माझं मत आजही आहे. जाळरेषेच्या लगत आणि पायवाटेवर झुकलेलं पोकळ झाड ठेवण्यात धोका आहे, आणि पक्ष्यांच्या प्रेमापोटी तो नाकारणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पण हा धोका काठाचा आहे. जंगलाच्या पोटातल्या झाडांना तीच फूटपट्टी लावून सगळीकडची सफाई करायची, याला आधार नाही.

मग किडीचा विषय निघाला. मामांनी मध्य प्रदेशातल्या सालाच्या झाडांची आठवण काढली. 1997 च्या सुमारास मंडला भागात साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ आली आणि लाखो झाडं तोडावी लागली. "मेलेलं झाड म्हणजे किडीचं माहेर," ते म्हणाले. "घरात सडका कांदा ठेवतं का कोणी?"

"सालाचा भुंगेरा कमजोर पण जिवंत झाडावर जातो, मामा. पूर्ण वाळून साल सुटलेल्या खोडात ज्या अळ्या असतात त्यांतल्या बहुतेकांना ताज्या रसाच्या झाडात जगताच येत नाही. उलट त्या अळ्या, वाळवी, मुंग्या यांवरच तर सुतार जगतो. त्याची जीभ पाहिलीत ना? चोचीबाहेर बोटभर निघते. तिच्या मुळाची हाडं कवटीच्या मागून वळून डोक्यावरून पुढे आलेली असतात. एवढी लांब गुंडाळी ठेवायला दुसरी जागाच नाही. टोकाला काटे, वर चिकट लाळ. ही हत्यारं कशासाठी, तर सालीखालच्या किडीसाठी."

"आणि डोकं कसं फुटत नाही म्हणे त्याचं? आमचे साहेब सांगायचे, कवटीत गादी असते."

"तसं पुष्कळ वर्षं मानलं जायचं. 2022 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी सुतारांच्या टोल्यांचं वेगवान चित्रण करून मोजमाप घेतलं. गादीबिदी काही नाही. डोकं हातोड्यासारखं एकसंध घट्ट असतं. धक्का शोषून घेतला तर टोल्याचा जोरच वाया जाईल. मेंदू एवढासा म्हणून तो वाचतो. आणि एवढं असूनही घर कोरायला त्याला निबर लाकूड नकोच असतं. आत बुरशी लागून गाभा मऊ झालेलं खोड तो ठोकून ठोकून शोधतो. म्हणून तर सांगते, त्याला कुजकं झाडच लागतं."

हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे त्या पिल्लाचे घोटे येत होते, जे खालून दिसत नव्हते. सुताराच्या ढोलीत काडीकचरा, पिसं, गवत काही नसतं. आईबापांनी कोरताना मागे राहिलेला लाकडाचा भुसा हेच अंथरूण. पांढरीशुभ्र तीन अंडी त्यावरच घातली जातात. अकरा दिवसांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात ती उघडी-नागडी, डोळे मिटलेली. त्या खरखरीत तळावर तीन आठवडे काढायचे, म्हणून पिल्लाच्या घोट्यांवर जाड कातडीच्या खरबरीत गाद्या असतात. त्यांच्यावर रेलून ते बसतं, सरकतं, भावंडांना ढकलतं. पंख फुटायच्या बेताला आलं की आतल्या भिंतीला नख्या रोवून वर चढतं आणि भोकाशी येऊन तोंड वासतं. मऊ अंथरलेल्या घरात या गाद्यांना काम नाही. हे पिल्लू अंगानंच कुजक्या लाकडासाठी घडलेलं आहे.

"मग पेट्या टांगा," मामा म्हणाले. "लाकडी खोकी करून झाडाला बांधा. शहरात चिमण्यांसाठी करतात तशी."

"अमेरिकेत केलंय हे, मामा. तिथे एक लहान सुतार आहे, जिवंत जुन्या पाइनमध्येच घर कोरणारा. एक ढोली कोरायला त्याला कधी कधी काही वर्षं लागतात. 1989 मध्ये ह्यूगो नावाचं वादळ आलं आणि साउथ कॅरोलायनातल्या एका जंगलातली त्याची बहुतेक ढोलीची झाडं एका रात्रीत मोडली. मग लोकांनी उरलेल्या पाइनांत खाच पाडून लाकडी पेट्या बसवल्या. त्यांत तो राहिला, वाचला. 2024 साली त्याला अतिधोक्याच्या यादीतून एक पायरी खाली आणलं. पण त्यासाठी किती माणसं, किती पैसा, किती वर्षं गेली! तेही एका जातीसाठी. आपल्याकडे तेच काम वाळलेला ऐन एक पैसा न घेता करतोय."

मामा हसले. "पैसा न घेता कोणी काही करत नाही म्हणायचा आमचा एक रेंजर."

यानंतर आमचं बोलणं कायद्याकडे वळलं, आणि तिथे मामा माझ्याहून पक्के होते. फेब्रुवारी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, मरू घातलेली, रोगट किंवा वाऱ्यानं पडलेली झाडं हलवायला मनाई केली. मामा तेव्हा नोकरीत होते.

"आदेश आला तेव्हा आम्ही चक्रावलो. पडलेलं झाडही उचलायचं नाही? पण चार-पाच वर्षांनी अभयारण्याच्या हद्दीच्या आत आणि बाहेर फरक दिसायला लागला, हे मी कबूल करतो. आत पडलेल्या लाकडाखाली सरडे, विंचू, सापसुरळ्या. अस्वल वाळवीसाठी तीच खोडं उलथायचं. बाहेर सगळं झाडून नेलेलं. फक्त एक लक्षात ठेव. तो आदेश अभयारण्यापुरता आहे. हे जंगल अभयारण्यात नाही. इथे गावाचा निस्तार आहे, सरपण नेण्याचा हक्क आहे. इथे कोर्टाचा कागद दाखवून चालणार नाही. माणसांना पटवावं लागेल."

"तेच तर करतेय. सुरुवात तुमच्यापासून."

जंगलाच्या शांततेबद्दल आमचं जे बोलणं झालं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. परत येताना वाट सागाच्या रोपवनातून होती. ओळीत लावलेले, एका वयाचे, एका जाडीचे साग. उन्हाळ्यात पानं गळून उघडे पडलेले. इथेही शांतता होती.

"बघ, किती निवांत," मामा म्हणाले. "आमच्यासाठी शांत जंगल म्हणजे कुऱ्हाडीचा आवाज नसलेलं जंगल. असं रोपवन राखलं की छाती भरून यायची."

"इथे कुऱ्हाडही नाही आणि सुतारही नाही. ऐका ना. तिकडे ऐनाजवळ उभे होतो तेव्हा शांत वाटत होतं, पण कान देऊन ऐकलं तर घर्रघर्र होती, कपट्यांची टपटप होती, लांब कुटुरगा ओरडत होता. इथे खरंच काही नाही. या सागांचं अजून मरायचं वय झालेलं नाही, आणि वय व्हायच्या आत ते डेपोत जाणार. कुजायला फुरसत नसलेल्या जंगलात सुताराचं पिल्लू जन्माला येऊ शकत नाही."

मामा उभे राहिले. खरंच ऐकत राहिले. मग म्हणाले, "रोपवन वाईट नाही. सागावर खात्याचे पगार झाले, शाळा झाल्या, तुझ्या आजोबांच्या घराचं छप्पर झालं."

"वाईट म्हणत नाही मी. सगळं जंगल रोपवनासारखं साफ करू नका, एवढंच म्हणते."

पुढे आम्ही दोघं समितीच्या बैठकीला गेलो. मामांनी तिथे जे मांडलं त्यात माझं निम्मं होतं आणि निम्मं त्यांचं. जाळरेषेच्या आणि पायवाटेच्या काठचं धोक्याचं झाड काढायचं, पण फेब्रुवारी ते जूनमध्ये नाही. जंगलाच्या आत ढोली असलेलं जाड खोड उभं ठेवायचं, त्यावर चुन्याचा पट्टा मारायचा म्हणजे मोळीवाल्यांना लांबूनच कळेल. सरपणाला बारीक वाळलेली झाडं घ्यायची. त्या ऐनाला पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली. दिवाळीनंतर तो निघणार. मला ते मान्य नाही. खालून आठ-दहा हात खोड राखून वरचा धोक्याचा भाग छाटला तरी ठिणगीचं भय कमी होतं आणि खालच्या लाकडात पुढच्या वर्षी नवी ढोली होऊ शकते, असं माझं म्हणणं आहे. मामांना हा दुबळा उपाय वाटतो. "अर्धं झाड ठेवून अर्धी आग ठेवतेस," असं ते म्हणतात. दिवाळीपर्यंत आमचं भांडण चालू राहणार.

वाचणाऱ्यांनाही एक विनंती आहे. तुमच्या शेताच्या बांधावर, शाळेच्या आवारात, सोसायटीच्या कुंपणाशी एखादं मोठं वाळलेलं झाड असेल आणि ते पाडायचं ठरलं असेल, तर कुऱ्हाड किंवा करवत बोलावण्याआधी एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी अर्धा तास त्याच्याखाली उभे राहा. पाचोळ्यावर ताजा भुसा आहे का पाहा. खोडाच्या सावलीच्या बाजूला गोल भोक आहे का पाहा. मोठा पक्षी भोकाशी आल्यावर आतून घर्रघर्र ऐकू आली तर काम किमान महिनाभर पुढे ढकला. आणि झाडाचा कोणाच्या डोक्याला, घराला, विजेच्या तारेला धोका नसेल, तर ते मुळीच पाडू नका.